महालक्ष्म्या कधी बसतात?
परभणी, जिंतूर, गंगाखेडकडे भाद्रपदात बसणाऱ्या महालक्ष्म्या (ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी) गणपतीनंतर ठरावीक दिवशीच येतात, असा अनेकांचा समज असतो. पण हा सण तिथीवर नव्हे, नक्षत्रावर (चंद्राच्या मार्गाच्या २७ भागांपैकी एक) ठरतो: अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजा आणि जेवण, मूळावर विसर्जन. रेल्वेला उशीर झाला तरी सेलू, मानवत रोड, परभणी हा क्रम बदलत नाही, तसंच हे. तिथी मात्र मागेपुढे होते.

प्राचीन अथेन्सच्या बायकांचा थेस्मोफोरिया हा डिमीटर या धान्यदेवीचा सणही तीन दिवसांचाच होता, पण तो चांद्रमासाच्या ११ ते १३ तारखेला बांधलेला. धान्य आपल्याकडेही असतंच. कोठीत गहू भरून वर मुखवटा बसवतात, लुगडं नेसवतात. जेवणाला पुरणपोळी, सोळा भाज्या आणि आंबील.