जन्माने गुन्हेगार?

पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, कंजारभाट यांसारख्या जमातींवर ‘गुन्हेगार’ हा शिक्का ब्रिटिश राजवटीने कायद्याने मारला. 1871चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला. या कायद्याने व्यक्तीचे कृत्य न पाहता तिचा जन्म पाहिला. नोंद झालेल्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. अनेक कुटुंबे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहतींत डांबली गेली.

31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. संशय मात्र उरला. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते. अशा संशयामुळे काम आणि भाड्याची खोली मिळणे अवघड होते, मुले शाळेत हिणवली जातात, काहीजण जात लपवतात. शिकारीचे कसब, भाषा, देवदेवता ही खरी ओळख त्या शिक्क्याखाली झाकली जाते.

लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने हे जगणे आतून मांडले; त्याला 1988चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित भेदभाव, विमुक्त जमातींवरील या शिक्क्यासह, घटनाबाह्य ठरवला.