९०० वर्षांपूर्वीचं राजेशाही ताट

जुनं खाणं काय होतं, हे शोधायचं असेल तर 'मानसोल्लास' हातात घ्याच! कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ साधारण ११३० चा. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. राजाने कसं राज्य करावं यासोबत त्याने काय जेवावं, हेही यात सविस्तर आहे. त्या प्रकरणाचं नाव 'अन्नभोग'.

🔸 इड्डरिका : इडलीची पूर्वज. पण यात तांदूळ नाही, नुसती उडदाची डाळ! चवीला मिरपूड, जिरे आणि हिंग.
🔸 वटक : उडदाचे वडे. तळून दह्यात मुरवायचे, म्हणजे आपला दहीवडाच.
🔸 मंडक : म्हणजे मांडे. गहू धुऊन, वाळवून, दळून चाळायचा, कणीक तूप-मीठ घालून मळायची, हातावर पसरवायची आणि तापलेल्या खापरावर भाजायची. खानदेशात पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे आजही होतात.

या ताटात मिरची, बटाटा, टोमॅटो नाहीत. ती पिकं मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतर इथे पोचली. तोवर तिखटपणा मिरीचा आणि आल्याचा.

गजानन श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला आणि १९२५ पासून त्याचे खंड बडोद्याहून प्रसिद्ध झाले, म्हणून हे सगळं आज आपल्याला वाचता येतं. तुमच्या आजीच्या पाककृतीही अशाच लिहून ठेवा, प्रमाणासकट आणि भांड्यांच्या नावांसकट!

#खाद्यसंस्कृती #मानसोल्लास