चार व्हायोलिन, साथीला कुणी नाही

शहापूरजवळच्या गावात परवा ऐन भजनात पेटीचा भाता फाटला. बुवा थांबले नाहीत. दोन टाळकऱ्यांनी षड्ज धरून ठेवला. मुरबाडहून आलेल्या व्हायोलिनवेड्या मास्तरांना जर्मन संगीतकार टेलेमान (१६८१-१७६७) आठवला.

बरोक संगीतात खाली चेलो-हार्पसिकॉर्डचा आधार जवळपास ठरलेला. टेलेमानने चार कॉन्चेर्टोंमधून तोच काढून टाकला. उरली फक्त चार व्हायोलिन.

मग खर्ज कोण सांभाळणार? ज्याची पाळी येईल तो! एकाने टाकलेली सुरावट दुसरा उचलतो, तोवर तिसरा जाड ‘जी’ तारेवर उतरून टेकू देतो. मुख्य वादक असा कुणी नाहीच.

या कॉन्चेर्टोंमधल्या भागांची लय साधारणपणे संथ-जलद-संथ-जलद.

मास्तर म्हणतात, डी मेजरमधल्या कॉन्चेर्टोपासून सुरुवात करा.