छोटा धंदा आणि त्याचे कागद

बोईसरच्या शेजारी बेटेगाव. तारापूरची औद्योगिक वसाहत जवळ, माणसांची ये-जा मोठी. अशा गावात घरचं लोणचं-मसाला विकून चार पैसे मिळवावेत, असं एखाद्या भगिनीला वाटलं तर नवल नाही. पण लगेच कोणीतरी म्हणतो, "बाई, परवाना लागेल, जीएसटी लागेल, माझ्याकडे द्या, मी करून देतो." विक्री सुरू होण्याआधीच गाठीचे पैसे जातात. म्हणून कोणता कागद कशासाठी, ते आधी समजून घेऊ.

पहिला कागद अन्नाचा. खाण्याचा जिन्नस विकायचा, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी हवीच. धंदा लहान असेल तर साधी नोंदणी पुरते. मोठ्याला परवाना लागतो. मिळालेला चौदा आकडी क्रमांक पुडीवर छापायचा. शिवाय वजन, किंमत, तयार केल्याची तारीख आणि आपलं नाव-पत्ता. हा कागद टाळू नये. गिऱ्हाइकाच्या पोटाचा प्रश्न आहे.

दुसरा कागद उद्यम नोंदणीचा. १ जुलै २०२० पासून तो आधार क्रमांकावर सरकारी संकेतस्थळावर मिळतो. त्याला एक पैसाही शुल्क नाही. बँकेत कर्ज मागताना तो उपयोगी पडतो. यासाठी कोणी सरकारी फी मागितली, तर ती देऊ नये.

तिसरा दुकानाचा. गाळा घेऊन दुकान मांडलं आणि कामाला थोडीच माणसं असली, तर २०१७ च्या राज्य कायद्याने नुसती सूचना द्यायची असते. पाटी मात्र मराठीत, देवनागरीत हवी. जागेबद्दल ग्रामपंचायतीत आधी विचारावं.

आता कर. १९५९ चा विक्रीकर गेला, २००५ चा मूल्यवर्धित करही बहुतेक मालावरून गेला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली, तर आपल्या राज्यात नोंदणी लागते. सेवेसाठी ही मर्यादा २० लाख. उलाढाल म्हणजे एकूण विक्री, नफा नव्हे. ४० लाख म्हणजे रोजची सुमारे अकरा हजारांची विक्री. रोज दोन हजारांचं लोणचं विकणाऱ्या बाईची उलाढाल वर्षाला साडेसात लाखांच्याही आतच राहते.

पण एक गोष्ट आपल्या भागाने विसरू नये. गुजरातची हद्द जवळ आहे. तेच लोणचं उंबरगावच्या व्यापाऱ्याला पाठवलं, तर माल परराज्यात गेला. तिथे ४० लाखांची सूट नाही. नोंदणी आधीच हवी.

मग सरसकट नोंदणी करून ठेवली तर काय बिघडलं? बिघडतं. नोंदणी झाली की विक्री नसली तरी विवरणपत्र भरावं लागतं, आणि चुकलं की उशिराचं शुल्क चढतं. याशिवाय १९७५ च्या कायद्याचा व्यवसाय कर आहे. तो आपल्याला लागू आहे का, हे राज्याच्या कर कार्यालयात विचारावं. वर्षाला २५०० रुपयांच्या वर तो कोणालाच नाही.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. वरच्या वर्गातल्या मुलांकडून असा एखादा अर्ज वाचून घ्या. घरातलं पोर अर्ज वाचू लागलं, म्हणजे आईला कोऱ्या कागदावर अंगठा उठवावा लागणार नाही.