चंदी घटवा, वैरण नको

भरलेले पुठ्ठे आणि जाड मान असलेला घोडा दिसला की आपण मालकाचे कौतुक करतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात काय किंवा लग्नाच्या वरातीत काय, असा घोडा म्हणजे उत्तम निगा, हा आपला समज पक्का आहे. वास्तविक यातले काही घोडे लठ्ठ असतात, आणि लठ्ठपणा हा त्यांच्या जिवावर उठणारा आजार आहे. ते लक्षात आल्यावर घाबरून घोड्याला उपाशी ठेवणे हे त्याहून वाईट. वजन उतरवताना घोड्याच्या पोटात जाणारी ऊर्जा कमी करायची असते. त्याचे चघळण्याचे तास कमी करायचे नसतात.

लठ्ठपणा नजरेने ओळखणे अवघड, कारण रोज पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. म्हणून अमेरिकेतील डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ ते ९ गुणांची पद्धत जगभर वापरली जाते. मान, पाठ, खांद्यामागचा भाग, बरगड्या आणि शेपटीचे मूळ येथील चरबी हाताने चाचपून गुण द्यायचे. ५ गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण बोटांना सहज लागतात. ७ च्या पुढे गेलेल्या घोड्याच्या बाबतीत हयगय करू नये. अशा घोड्याच्या रक्तात इन्शुलिन वाढलेले राहण्याचा धोका असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तट्टांच्या रक्तात इन्शुलिनचे प्रमाण सतत वाढलेले ठेवले, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. या रोगात खुराच्या आतले हाड खुराच्या भिंतीला धरून ठेवणारे नाजूक थर सुजतात आणि सुटू लागतात. वेदना इतक्या, की घोड्याला पाऊल टाकवत नाही.

मग थोडे दिवस खाणेच तोडले तर? माणसाला उपास सोसतो, घोड्याला नाही. त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते आणि ते सौम्य करणारी लाळ फक्त चघळतानाच सुटते. जठर फार वेळ रिकामे राहिले की त्यात व्रण पडतात. मोठ्या आतड्यातले वैरण पचवणारे सूक्ष्मजीवही बिघडतात आणि पोटशूळ उठू शकतो. लठ्ठ तट्टे आणि गाढवे यांना तर उपासमार घातकच ठरते. अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते, यकृतात साठते आणि जनावर दगावू शकते.

म्हणून कात्री आधी चंदीला लावावी. हरभरा, ओट, मका, कोंडा आणि गूळ टप्प्याटप्प्याने बंद करावेत, लसूणघासही आवरावा. सुके गवत मात्र मोजून द्यावे: त्याचा कोरडा भाग दिवसाला वजनाच्या दीड टक्का भरावा. गवतातला ओलावा धरून ४०० किलोच्या घोड्याला हे सुमारे साडेसहा-सात किलो होते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय याखाली जाऊ नये. गवत तासभर थंड पाण्यात भिजवून पाणी ओतून टाकले, की त्यातली साखर काही प्रमाणात निघून जाते. आपल्या उन्हाळ्यात ते फार वेळ भिजत ठेवू नये, आंबते. भिजवण्यात खनिजेही जातात, तेव्हा खनिज मिश्रण द्यावेच. बारीक छिद्रांच्या जाळीतून तीन-चार वेळा विभागून दिल्यास तेवढेच गवत जास्त तास पुरते. हिरवे गवत नैसर्गिक असले तरी पावसाळ्यातल्या मोकळ्या चराईत घोडा किती साखर खातो याला हिशेब राहत नाही.

चंदीशिवाय ताकद कशी राहणार, ही शंका रास्त आहे. रोज कष्ट करणाऱ्या सडपातळ घोड्याला दाणा लागतोच. तबेल्यात उभ्या असलेल्या लठ्ठ घोड्याकडे मात्र साठवलेली ताकद चरबीच्या रूपात अंगावरच असते. व्यायामाची मदत होते. पण चंदी तशीच ठेवून केवळ पळवण्याने वजन उतरत नाही, आणि खूर दुखत असतील तर पळवणे हा छळ आहे. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट पुरेशी आहे. घोडा आपल्या ताटात काय पडेल हे ठरवू शकत नाही. ते आपण ठरवतो. दर पंधरवड्याला टेपने छातीचा घेर मोजा, आकडा लिहून ठेवा आणि तोबरा भरण्याआधी बरगड्यांवर हात फिरवून पाहा.