आधी नाणं बघा, मग डबी

धनत्रयोदशीला पेढीवर चांदीचं नाणं घेताना आपण दोनच प्रश्न विचारतो: वजन किती आणि भाव काय? लक्ष्मी-गणपतीच्या नाण्याला तेवढं पुरतं, कारण कायद्याने ते नाणं नसून पदक आहे आणि मोडायला गेलं की त्यातली चांदीच मोजली जाते. अमेरिकन ईगल, कॅनडाचं मेपल लीफ, ऑस्ट्रेलियाचं कूकाबुरा या सरकारी टाकसाळींच्या बुलियन नाण्यांची गोष्ट वेगळी. कुणाचा मुलगा टोरांटोहून येताना ती घेऊन येतो, तर कुणी नाणी विकणाऱ्यांकडून हौसेने घेतो. चांदीच्या भावावर इथे चार पैसे जास्त मोजावे लागतात. हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे, याबद्दल मात्र गोळा करणाऱ्यांमध्येही बरेच गोंधळ आहेत.

‘प्रूफ म्हणजे जास्त शुद्ध चांदी’

हा सगळ्यांत पसरलेला समज. प्रूफ ही शुद्धतेची प्रत नाही, नाणं पाडण्याची पद्धत आहे. प्रूफसाठी डाय, म्हणजे ठसा उमटवणारा साचा, घासून आरशासारखा करतात, नक्षीचा भाग मुद्दाम दुधी ठेवतात, कोरी चकतीही चकचकीत करून घेतात आणि तिच्यावर एकापेक्षा जास्त वेळा ठोका देतात. साधं बुलियन नाणं वेगाने, भराभर पाडलं जातं. अमेरिकन ईगलचं प्रूफ घ्या नाहीतर साधं बुलियन, चांदी दोन्हींत सारखीच: एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, शुद्धता ९९९. फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रूफवर टाकसाळीचं अक्षर असतं, बुलियनवर नसतं.

ठसा चांगला की वाईट, हे चकाकीवरून ठरत नाही. ईगलच्या छाप्याकडेच पाहा. त्यावरची चालणारी लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवता, अडॉल्फ वाइनमन यांनी १९१६ च्या अर्ध्या डॉलरसाठी घडवली होती आणि १९८६ साली ईगल निघालं तेव्हा तीच पुन्हा घेतली गेली. तिचा डावा हात आणि झग्याच्या मधल्या चुण्या हा त्या नक्षीचा अवघड भाग. डायमधल्या खोल जागा भरायला धातूला तिथवर वाहत जावं लागतं, आणि पाठीमागच्या बाजूलाही त्याच ठिकाणी गरुडाचा उठाव असला की दोन्हीकडे पुरेल इतका धातू तिथे पोहोचत नाही. जुन्या अर्ध्या डॉलरवर हा हात कित्येकदा अर्धवट उमटलेला दिसतो. ईगल पाहतानाही नजर आधी तिथेच न्यावी.

हात पुसट दिसला, तर ठोका कमी पडला की नाणं घासलं गेलं? एकच दिवा लावा, नाणं कडेने धरा आणि हळूहळू फिरवा. चांगल्या ठोक्याच्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. ठोक्याच्या दाबाने धातू मधून कडेकडे सरकतो, तेव्हा पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. ही झळाळी त्यांची. पुसट भागावरूनही पट्टा न तुटता गेला, तर ठोकाच कमी पडलेला आहे. तिथे तो विझला आणि रंग मळकट दिसला, तर नाणं घासलेलं आहे.

म्हणूनच देवघरातली चांदी दिवाळीला घासतो तशी ही नाणी टूथपेस्ट किंवा रांगोळीने घासू नयेत. घासल्यावर नाणं चमकतं, पण त्या रेषा जातात आणि कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. माझ्या मते संग्राहकाच्या हातून होणारं सगळ्यांत मोठं नुकसान हेच.

‘चार नऊ म्हणजे नाणं सरस’

मेपल लीफ ९९९.९ शुद्ध, ईगल ९९९. एका औंसात हा फरक जेमतेम ०.०३ ग्रॅमचा. त्याने ठशात काही बदलत नाही. ब्रिटनचं ब्रिटानिया २०१२ पर्यंत ९५८ शुद्धतेचं होतं, पण नाण्याचं वजनच ३२.४५ ग्रॅम ठेवलेलं असल्याने चांदी पूर्ण औंसभरच मिळायची. खरी फसगत चिनी पांडाच्या बाबतीत होते. २०१६ पासून ते ३० ग्रॅमचं झालं, म्हणजे औंसापेक्षा सुमारे साडेतीन टक्के हलकं. भावाची तुलना करताना हे हमखास विसरलं जातं.

‘पांढरा डाग पडला, म्हणजे नाणं खोटं’

नव्याकोऱ्या नाण्यावर दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग दिसले की घेणारा घाबरतो, विकणारा म्हणतो तुम्ही हात लावला असेल. बहुतेक वेळा दोघंही चुकीचे. हे दुधी डाग बंद ट्यूबमध्ये, कुणी हात न लावताही काही महिन्यांनी उमटतात. चकत्या धुताना राहिलेला रसायनाचा अंश पुढे भट्टीत तापून चांदीवर बसतो, असं त्याचं कारण सांगितलं जातं. मेपल लीफ यासाठी बदनाम होतं, इतकं की कॅनडाच्या टाकसाळीने २०१८ पासून डाग कमी करण्यासाठी ‘मिंटशील्ड’ नावाची प्रक्रिया सुरू केली. डागांमुळे चांदीची किंमत घटत नाही, संग्राहकाकडून मिळणारी घटते. काळपटपणा ही वेगळी गोष्ट: तो हवेतल्या गंधकामुळे येतो आणि खऱ्या चांदीवरही येतो.

‘पॅकिंग भारी, तर नाणं भारी’

पॅकिंगवरून टाकसाळीने नाणं कोणासाठी पाडलं, एवढंच कळतं. ईगल वीस-वीसच्या ट्यूबमध्ये आणि पाचशेच्या हिरव्या पेटीत येतं. मेपलच्या ट्यूबमध्ये पंचवीस, ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना फिलहार्मोनिक नाण्याच्या ट्यूबमध्ये वीस. ट्यूबमध्ये नाण्यावर नाणं बसतं, वाहतुकीत हलतं, कडा एकमेकींना लागतात. त्यामुळे ट्यूबमधल्या नाण्यावर एखादी खोक दिसली, तर तो टाकसाळीचा हलगर्जीपणा नाही. ती मुळात चांदीच्या भावाने विकायची नाणी आहेत. ऑस्ट्रेलियाची पर्थ टाकसाळ मात्र कूकाबुराचं प्रत्येक नाणं स्वतंत्र कॅप्सूलमध्ये देते. नक्षी दरवर्षी बदलते, घेणारा ती पाहण्यासाठीच घेतो, म्हणून हा जास्तीचा खर्च.

मखमली डबी आणि क्रमांकाचं प्रमाणपत्र प्रूफसोबत येतं. पुढे विकताना ते हाताशी असलेलं बरं, पण ठशाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. नंतर बाहेरून घेतलेली डबी तर निव्वळ सजावट.

पॅकिंगने नाणं सुधारत नाही, बिघडू मात्र शकतं. बाजारात स्वस्तात मिळणारे मऊ प्लास्टिकच्या पानांचे अल्बम बहुतेकदा पीव्हीसीचे असतात. पान मऊ आणि लवचिक आहे, नव्या रेक्झिनचा वास येतोय, तर त्यात चांदी ठेवू नका. त्यातून झिरपणाऱ्या द्रव्यांनी नाण्यावर हिरवट, चिकट थर येतो आणि तो धातूला खातो. कागदाच्या पुडीला रबर बँड लावून ठेवणंही तितकंच घातक, कारण रबरात गंधक असतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर हवा दमट, त्यामुळे घट्ट बसणारी कडक कॅप्सूल आणि डब्यात सिलिका जेलची पुडी एवढी तजवीज हवीच.

‘स्लॅबमध्ये ७० मिळालं, की विषय संपला’

पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या अमेरिकी कंपन्या नाणं तपासून १ ते ७० च्या श्रेणीत गुण देतात आणि सीलबंद प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये बसवतात. ७० म्हणजे पाचपट मोठं करून पाहिलं तरी दोष दिसत नाही. पण स्लॅबमध्ये बंद झाल्यावरही दुधी डाग उमटू शकतात. आणि लेबलवरचं ‘अर्ली रिलीझेस’ ही निव्वळ तारखेची गोष्ट: नाणं बाजारात आल्यापासून ठरावीक दिवसांत कंपनीकडे पोहोचलं, इतकंच. लवकर पोहोचलेलं नाणं लवकर पाडलेलं असतंच असं नाही.

आपल्या सरकारी स्मारक नाण्यांबद्दलही एक समज आहे, की सरकारी म्हणजे शुद्ध चांदीच. नव्या संसद भवनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं आहे आणि त्यात चांदी निम्मी. उरलेल्यात ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. शुद्धतेत याहून ब्रिटिशकालीन राणीछाप रुपया वरचढ, कारण त्यात ९१.७ टक्के चांदी होती. प्रत्येक स्मारक नाण्याचं मिश्रण राजपत्रात छापलेलं असतं, घेण्याआधी ते वाचावं.

केवळ चांदी साठवायची असेल तर ट्यूबमधलं मेपल किंवा फिलहार्मोनिक घ्या आणि ओरखड्यांची चिंता सोडा. ठसा न्याहाळायची हौस असेल तर कॅप्सूलमधलं कूकाबुरा घ्या, जास्तीचे पैसे तिथे सार्थकी लागतात. प्रूफ घ्यायचं असेल तर डबी उघडून नाणं दिव्याखाली फिरवू द्या असं सांगा, आणि विक्रेता नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.