बासष्टहून आठ नवे : सामायिक लायब्ररींच्या आवृत्त्यांचा मेळ

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेची जुनी छायाचित्रे संगणकावर घेण्याचे काम हाती घेण्यात आले. वसतिगृहाच्या पायाभरणीपासूनची, कडांना पिवळी पडलेली, काहींच्या मागे पेन्सिलीने नावे लिहिलेली ही छायाचित्रे स्कॅन करून टिफ या प्रकारात जतन केली गेली. छपाईसाठी आणि मुलांना पाहण्यासाठी मात्र त्यांच्या लहान आकाराच्या जेपेग प्रती हव्या होत्या. त्या तयार करणारा एक छोटा प्रोग्राम सी भाषेत लिहिण्याचे काम, माजी विद्यार्थी या नात्याने, माझ्याकडे आले. प्रोग्राम दोनशे ओळींचाही नव्हता. तो लिहायला एक संध्याकाळ लागली आणि चालता करायला चार दिवस. त्या चार दिवसांत जे उमगले ते संगणकवर्गातील विद्यार्थ्यांसाठी येथे मांडतो.

संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे ग्रंथालय नव्हे. कोणीतरी एकदा नीट लिहून, तपासून ठेवलेल्या आणि इतरांनी वापराव्यात अशा फंक्शनांचा तो संच होय. जेपेग चित्र कसे उलगडावे याचे गणित प्रत्येकाने नव्याने मांडत बसू नये, म्हणून इंडिपेंडंट जेपेग ग्रुप या मंडळाने १९९१ मध्ये लिबजेपेग ही लायब्ररी सर्वांसाठी खुली केली. टिफसाठी तशीच लिबटिफ आहे. अशा लायब्ररीची एकच प्रत डिस्कवर असते आणि अनेक प्रोग्राम सुरू होताना ती जोडून घेतात, म्हणून तिला सामायिक म्हणतात. तिच्यात दोष आढळला तर एक फाइल बदलताच सगळे प्रोग्राम सुधारतात. अडचणीचे बीजही तेथेच आहे.

प्रोग्रामची लायब्ररीशी तीन निरनिराळ्या वेळी गाठ पडते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आली नव्हती. पहिल्या वेळी कंपायलर लायब्ररीची हेडर फाइल वाचतो. कोणती फंक्शने आहेत, त्यांना द्यावयाच्या माहितीची मांडणी कशी आहे, हे तो तेथून शिकतो. दुसऱ्या वेळी लिंकर प्रत्यक्ष लायब्ररी शोधतो आणि तिचे नाव प्रोग्राममध्ये नोंदवून ठेवतो. तिसरी वेळ प्रोग्राम चालवण्याची; तेव्हा लोडर त्या नोंदलेल्या नावाची फाइल शोधून स्मृतीत आणतो. हे तिघे आपापल्या नियमांनी आपापल्या फोल्डरांत शोध घेतात. तिघांना एकच आवृत्ती सापडली तर सारे सुरळीत चालते. मात्र तशी सापडावी अशी सक्ती त्यांच्यावर कोणीही केलेली नसते.

लिंकर जे नाव नोंदवतो त्याच्या अखेरीस एक अंक असतो. तो शोभेसाठी नाही. जुने प्रोग्राम पुन्हा न घडवता नव्या प्रतीवर चालू शकतात तोवर तो अंक कायम ठेवायचा, आणि माहितीची मांडणीच बदलली तर अंकही बदलायचा, असा हा करार आहे. लिबजेपेगच्या बाबतीत या अंकांचा एक विचित्र इतिहास आहे. १९९८ मध्ये तिची ‘सहा-बी’ ही आवृत्ती आली. बी हे दुसरे अक्षर, म्हणून सहा आणि दोन मिळून तिचा अंक झाला ६२. ही आवृत्ती अकरा वर्षे जगभर चालली. पुढे २००९ मध्ये सातवी व २०१० मध्ये आठवी आवृत्ती निघाली, आणि त्यांचे अंक अनुक्रमे साधे ७ आणि ८ ठरले. म्हणजे येथे ८ हा ६२ हून नवा आहे! पहिल्या दिवशी मी नेमके उलटे समजून चाललो होतो. भरीस भर म्हणजे २०१० पासून लिबजेपेग-टर्बो ही अधिक वेगवान लायब्ररी प्रचारात आली, आणि ती ६२ च्या किंवा ८ च्या अशा कोणत्याही साच्यात घडवता येते. डेबियन व फेडोरा यांनी ६२ चा साचा स्वीकारला, उबुंटूने ८ चा. म्हणून डेबियनवर घडवलेला असा प्रोग्राम उबुंटूवर नेला, तर तो ६२ मागतो आणि तेथे मूळची असते ती ८.

शाळेच्या संगणकावर उबुंटू होते. त्यातील लिबटिफ अर्थातच ८ शी जोडलेली होती. परंतु स्कॅनरसोबत आलेल्या सॉफ्टवेअरने ६२ ची एक जुनी प्रत ‘यूएसआर-लोकल’ या सामाईक फोल्डरात ठेवून दिली होती. सोबत हेडर फाइल दिली नव्हती. माझी मेकफाइल जुन्या कामातून उचललेली होती आणि तिच्यात लिंकरने आधी याच फोल्डरात पाहावे अशी एक ओळ होती. परिणाम असा झाला की, कंपायलरने ८ ची हेडर फाइल वाचली आणि लिंकरने ६२ ची लायब्ररी उचलली. लिंकरने एक इशारा छापलाही : लिबटिफला लागणारी लिबजेपेग-८ ही लिबजेपेग-६२ शी विसंगत ठरू शकते. परंतु इशारा म्हणजे चूक नव्हे. प्रोग्राम तयार झाला होता. मी इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले. पहिल्याच छायाचित्रावर प्रोग्राम थांबला आणि म्हणाला, लायब्ररीची आवृत्ती ६२ आहे, हाक मारणाऱ्याची अपेक्षा ८० ची आहे. (८० म्हणजे आठ पूर्णांक शून्य.)

इशाऱ्यात लिबटिफचे नाव कसे आले, हे मला आधी कळेना. टिफ फाइलच्या आत चित्र जेपेग पद्धतीनेही दाबून ठेवता येते, म्हणून लिबटिफला स्वतःलाच लिबजेपेग लागते. माझा प्रोग्राम लिबजेपेगकडे सरळ जात होता आणि लिबटिफमार्फतही जात होता. एकाच घराकडे नेणाऱ्या दोन वाटा, आणि दोहोंच्या टोकाला वेगवेगळी घरे. या प्रकारच्या जवळपास साऱ्या तंट्यांची आकृती हीच असते.

आवृत्ती चुकली तर एवढे काय बिघडते? एक हजेरीपट कल्पा. पहिला रकाना क्रमांकाचा, दुसरा नावाचा, तिसरा उपस्थितीचा. पुढील वर्षी नावानंतर ‘तुकडी’ हा नवा रकाना मध्येच घातला गेला. जुन्या सवयीचा लेखनिक नव्या पटात तिसऱ्या रकान्यात उपस्थिती लिहील, आणि वाचणारा ती तुकडी म्हणून वाचेल. लिबजेपेगमध्ये अगदी असेच घडले. चित्र लहान-मोठे करण्यासाठी सातव्या आवृत्तीपासून माहितीच्या मांडणीत काही नवे रकाने मध्येच आले, आणि त्यापुढील प्रत्येक रकाना सरकला. उंचीच्या जागी दुसराच आकडा वाचला गेला तर प्रोग्राम कोसळेल, किंवा त्याहून वाईट, न कोसळता बिघडलेले चित्र लिहून मोकळा होईल. ज्यांची दुसरी प्रत कोठेही नाही अशा छायाचित्रांवर हा प्रयोग होणार होता. लिबजेपेगच्या कर्त्यांनी आवृत्ती आणि मांडणीचे आकारमान सुरुवातीलाच ताडून पाहण्याची व्यवस्था केली आहे, म्हणून प्रोग्राम वेळीच थांबला. सर्वच लायब्ररी एवढ्या दक्ष नसतात.

दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी स्मृतीत आल्या तर काय होते, हेही पाहिले पाहिजे. लिनक्समध्ये फंक्शनांची नावे साधारणपणे एकाच सामाईक यादीत शोधली जातात, आणि ते नाव ज्या लायब्ररीत प्रथम सापडेल तिचे फंक्शन सर्वांना मिळते. म्हणजे ८ साठी घडवलेल्या लिबटिफलाही ६२ चे फंक्शन मिळू शकते. यावर उपाय म्हणून काही लायब्ररी प्रत्येक फंक्शनच्या नावाला आवृत्तीची खूण जोडतात. लिबजेपेग-टर्बो त्यांपैकी एक. दोन्ही प्रती तशा खुणेच्या असतील तर त्या शेजारी शेजारी नांदू शकतात. लिंकरचा इशाराही सर्वज्ञ नव्हे. तो केवळ फाइलच्या नावाचा अंकापूर्वीचा भाग ताडून पाहतो. पीएनजी चित्रांच्या लायब्ररीत आवृत्ती नावातच शिरली आहे, लिबपीएनजी१२ आणि लिबपीएनजी१६ अशी. लिंकरच्या दृष्टीने ही दोन परकी नावे, म्हणून तेथे तो मौन पाळतो.

तिसऱ्या दिवशी मला एक सोपी युक्ती सुचवण्यात आली : ६२ या नावाची एक खोटी खूणफाइल करून ती ८ कडे वळवावी. ही युक्ती पुष्कळ जण वापरतात. तिने हजेरीपटावरील वर्षाचा आकडा तेवढा बदलतो, रकाने जागच्या जागी राहतात. ‘एलडी-लायब्ररी-पाथ’ हा निर्देश कायमचा बदलून ठेवणे हीदेखील तशीच वाट, कारण त्यानंतर सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम त्या फोल्डरातून वाटेल ती प्रत उचलू लागतो.

मी आधी नुसते पाहायचे ठरवले. ‘रीडएल्फ’ ही आज्ञा प्रोग्रामने थेट नोंदवलेल्या लायब्ररी दाखवते, आणि ‘एलडीडी’ त्या लायब्ररींना लागणाऱ्या लायब्ररींसह सारी यादी, कोणती फाइल कोठून येणार यासकट. एलडीडीच्या यादीत लिबजेपेग दोनदा दिसली, एक उबुंटूच्या फोल्डरातील, दुसरी यूएसआर-लोकलमधील. दोहोंपैकी कोणती ठेवायची? येथे माझे मत स्पष्ट आहे : संगणकातील इतर लायब्ररी जिच्याशी आधीच जोडल्या गेल्या आहेत ती. माझा प्रोग्राम पुन्हा घडवणे ही दोन मिनिटांची गोष्ट. लिबटिफ आणि तिच्यावर विसंबलेले सारे पुन्हा घडवणे ही दोन मिनिटांची गोष्ट नव्हे. खरोखरच वेगळी आवृत्ती आवश्यक असेल, तर मधल्या लायब्ररीही तिच्याशी जोडून पुन्हा घडवाव्या लागतात, आणि तो सारा संच वेगळ्या फोल्डरात ठेवून त्याचा पत्ता प्रोग्राममध्येच नोंदवावा लागतो.

मेकफाइलमधील ती ओळ काढली. आधीच्या साऱ्या मध्यस्थ फाइली पुसून प्रोग्राम पहिल्यापासून घडवला. माझ्या बाबतीत हेडर बदलली नसल्याने नुसते पुन्हा लिंक करणेही पुरले असते, पण हेडर बदलली असता जुन्या मध्यस्थ फाइली जुनीच मांडणी धरून बसतात. इशारा नाहीसा झाला. एलडीडीच्या यादीत लिबजेपेग एकदाच आली. मूळ टिफ फाइलींची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेतली आणि मगच प्रोग्राम चालवला.

राहिली ती स्कॅनरची जुनी प्रत. ती पुसून टाकण्याचा मोह झाला होता, परंतु स्कॅनर तिच्यावाचून चालला नसता. ती त्याच्या स्वतःच्या फोल्डरात हलवली, आणि त्याचा प्रोग्राम सुरू करणारी एक लहान फाइल लिहून त्या फोल्डराचा पत्ता केवळ त्याच्यापुरता दिला. स्कॅनर अजूनही ६२ वरच चालतो.